२१ खोडून २४ लिहिण्याआधी: अ‍ॅप लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मी बऱ्याच वर्षांपासून अँड्रॉइडची अ‍ॅप लिहितो. सध्या माझ्याकडे दूध संकलन केंद्रांसाठीचं एक अ‍ॅप आहे. सकाळ-संध्याकाळ लोक डेअरीला दूध घालायला येतात, तिथे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजलं जातं आणि ते आकडे लगेच त्यांच्या फोनवर दिसतात. दहा दिवसांचं बिल निघालं की तेही दिसतं. अ‍ॅपचं काम एवढंच आहे. पण ज्याच्या दावणीला दोनच गायी आहेत त्याच्यासाठी ते लहान नाही. आपल्याकडे गायीच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, आणि त्याखाली एकेक पॉइंट घसरला की लिटरमागे पैसे कापले जातात. मोजलेला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळणं म्हणजे तिथे हिशोब बघायला मिळणं.

हे पत्र लिहितोय ते मी स्वतः केलेल्या एका चुकीमुळे. चूक म्हणून ती कोणत्याच नोंदीत सापडणार नाही. आमच्या नोंदीत ती 'डिपेन्डन्सी अपडेट केल्या' एवढ्या तीन शब्दांत आहे. डिपेन्डन्सी म्हणजे आपण वापरतो त्या, दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या लायब्रऱ्या.

अ‍ॅपमध्ये महिन्याच्या दुधाचा आलेख दाखवणारा एक स्क्रीन होता. त्यासाठी वापरलेल्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली. दिसायला छान, लिहायला सोपी. ती घातली आणि बिल्ड, म्हणजे कोडमधून अ‍ॅप तयार होणं, तिथेच अडकला. लायब्ररी म्हणत होती, मला किमान एपीआय २४ (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक) पाहिजे. आमचं अ‍ॅप २१ पासून चालायचं. मी २१ खोडून २४ लिहिलं आणि बिल्ड पास झाला. २१ म्हणजे २०१४ चं अँड्रॉइड ५ आणि २४ म्हणजे २०१६ चं अँड्रॉइड ७. ज्यांच्या फोनमध्ये ५ किंवा ६ आहे, ती सगळी माणसं त्या एका ओळीने बाजूला पडली. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे प्ले स्टोअरवरचं आपलं अ‍ॅप सांभाळायच्या पानावर, त्यांची टक्केवारी मी पाहिली होती. इतकी छोटी होती की त्यावर बोलायला कोणी बैठक बोलावली नसती. मीही बोलावली नाही.

लगेच काहीच बिघडलं नाही, आणि या प्रकारात खरा धोका तोच आहे. किमान आवृत्ती वाढली की प्ले स्टोअर जुन्या फोनवरचं अ‍ॅप काढून घेत नाही. त्या फोनला नवी आवृत्ती देणं तेवढं थांबवतं, आणि तेही न सांगता. जुनं अ‍ॅप चालू राहतं, वापरणाऱ्याला काही कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. चार महिन्यांनी आम्ही सर्व्हरवर लॉगिनची पद्धत बदलली. नव्या आवृत्तीत तो बदल होता, जुन्यात नव्हता. त्या दिवसापासून काही फोनवर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं.

पुढे एका केंद्रावर दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. तिथे एक आजी माझ्याजवळ आल्या. "तूच न्हवं का रं ते मोबाइलचं करणारा? माझ्या फोनवर फॅट दिसंना झालंय बघ. डेअरीत इचारलं तर म्हणत्यात, तुमचाच फोन जुना झालाय." फोन त्यांच्या नातवाने वापरून झालेला, काच तडकलेली, अँड्रॉइड ६. गेले कित्येक आठवडे त्या केंद्रावर तोंडी सांगतील तो आकडा मानत होत्या. सांगणारा खोटं सांगत होता असं मी म्हणत नाही, तसा एकही पुरावा माझ्याकडे नाही. पण स्वतः ताडून बघायची सोय त्यांच्या हातात होती आणि ती मी काढून घेतली होती. बदल्यात मला काय मिळालं, तर आलेखाच्या स्क्रीनमधल्या शे-दीडशे ओळी कमी झाल्या. आजींनी तो आलेख कधी उघडलाही नव्हता.

म्हणून तुमच्याशी बोलायचंय. किमान आवृत्तीचा आकडा आपण बिल्ड फाइलमधली एक सेटिंग समजतो. प्रत्यक्षात कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचं, हे तो आकडा ठरवतो. असा निर्णय रात्री अकरा वाजता, बिल्ड अडकलाय म्हणून, एकट्या माणसाने घ्यायचा नसतो.

टक्केवारीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आपण सगळे तिच्याच आड उभे राहतो. जुन्या फोनवरचे ते एक-दोन टक्के लोक समाजात कुठेही सारखे विखुरलेले नसतात. आपल्या घरांत फोन वरून खाली उतरत जातो. नवा फोन कमावत्या किंवा शिकणाऱ्या मुलाच्या हातात येतो, त्याचा जुना वडिलांकडे जातो आणि वडिलांचा आईकडे किंवा आजीकडे. म्हणजे आकडा वाढवल्यावर जी माणसं गळतात त्यांच्यात बाया जास्त, म्हातारी माणसं जास्त, उधारीवर चालणारी घरं जास्त. शिवाय ज्याला आपलं अ‍ॅप उघडताच आलं नाही तो आपल्या मोजणीत येतच नाही. म्हणजे आपण लोकांना आधी बाहेर काढतो आणि मग आत उरलेल्यांना मोजून म्हणतो, बघा, जुने फोन कोणाकडेच नाहीत. आमच्या अ‍ॅपला तर हे जास्तच लागू होतं. मोठा गोठा असलेल्या माणसाला दोन पॉइंटचा फरक पचतो. दोन गायींवर घर चालवणाऱ्या बाईला पचत नाही, आणि जुना फोन तिच्याच हातात असतो.

फोन नवा असूनही अ‍ॅप जड होतं, हा त्रास आणखी वेगळा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करायला सुरुवात केली होती. फोन सारखा अडकतो, मेमरी पुरत नाही, अ‍ॅप मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आपण एखादी लायब्ररी सोयीची म्हणून घेतो, ती आपल्यासोबत आणखी चार लायब्रऱ्या आणते आणि अ‍ॅप काही एमबीने फुगतं. आपल्या टेबलावरच्या फोनला ते जाणवत नाही. ज्या फोनची जागा सुप्रभातच्या चित्रांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी आधीच भरलेली असते, तिथे प्रत्येक अपडेटसाठी काहीतरी पुसावं लागतं. काय पुसायचं, तेही बहुतेक वेळा मुलाला नाहीतर नातवाला विचारूनच करावं लागतं.

आता आपण वरिष्ठांना जी कारणं सांगतो, त्यांबद्दल. सगळ्यात जास्त ऐकलेलं कारण म्हणजे 'गूगल सक्ती करतंय'. गूगलची सक्ती आहे ती टार्गेट आवृत्तीची. साधारण दर ऑगस्टअखेर ती एक पायरी वर सरकते. २०२५ मध्ये ती एपीआय ३५ वर, म्हणजे अँड्रॉइड १५ वर गेली. टार्गेट म्हणजे आपलं अ‍ॅप कोणत्या नव्या नियमांनुसार वागतं, आणि किमान म्हणजे ते कोणत्या जुन्या फोनवर चालतं. या दोन वेगळ्या ओळी आहेत. टार्गेट ३५ आणि किमान २१ असलेलं अ‍ॅप प्ले स्टोअर आनंदाने घेतं. हा फरक माहीत असूनही आपण बैठकीत तो धूसर ठेवतो, कारण सक्ती म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. किमानचा दाब येतो तो लायब्रऱ्यांकडून. अँड्रॉइडएक्सच्या, म्हणजे गूगलच्याच लायब्रऱ्यांच्या, नव्या आवृत्त्यांनी २०२३ च्या ऑक्टोबरपासून किमान १९ मागायला सुरुवात केली, पुढे २१ आणि २०२५ च्या जूनपासून २३. तो दाब खरा आहे. पण तिथेही कोणती लायब्ररी आज उचलायची आणि कोणती सहा महिन्यांनी, हे आपल्याच हातात असतं. आधीच्या आवृत्त्या मेव्हनवरून, म्हणजे लायब्रऱ्यांच्या भांडारातून, कोणी पुसत नाही.

दुसरं कारण 'नवी एपीआय हवी', म्हणजे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीत आलेली एखादी सोय हवी. तारीख-वेळेसाठी जावाचं नवं पॅकेज अँड्रॉइडमध्ये एपीआय २६ ला आलं, आणि तेवढ्यासाठी थेट २६ वर उडी मारलेली अ‍ॅप मी पाहिली आहेत. २०२० पासून डीशुगरिंगची, म्हणजे नवा कोड जुन्या फोनला चालेल असा बदलून देण्याची, सोय आहे. बिल्ड फाइलमध्ये दोन-तीन ओळी घातल्या की तेच पॅकेज जुन्या फोनवरही चालतं. हे सांगताना मलाही बरं वाटत नाही, पण आपल्यातल्या अनेकांनी हे शोधून पाहिलेलंच नसतं.

माझं बोलणं 'जुनं ते सोनं' असं ऐकू नका. डिपेन्डन्सी जुनी ठेवण्याची किंमत मला माहीत आहे. अपाची स्ट्रट्स या वेबसाठीच्या लायब्ररीतल्या दोषाची दुरुस्ती २०१७ च्या मार्चमध्ये आली होती. इक्विफॅक्स या अमेरिकन पतमाहिती कंपनीने ती एका यंत्रणेत वेळेवर बसवली नाही आणि सुमारे १४.७ कोटी माणसांची माहिती चोरीला गेली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतला दोष बाहेर आला तेव्हा आपल्यातले कितीतरी जण रात्री जागले असतील. अशा वेळी उशीर करणं हा वापरणाऱ्याचाच घात असतो, आणि तिथे मी एक दिवसही मागणार नाही. पण प्रत्येक अपडेटला सुरक्षेचं नाव देणं बरोबर नाही. आमच्या आलेखाच्या लायब्ररीत सुरक्षेचं काहीच नव्हतं, आणि तरीही कोणी विचारलं असतं तर मी बहुधा 'अद्ययावत ठेवणं सुरक्षित' असंच म्हणालो असतो.

नवं म्हणजे आपोआप सुरक्षित, हेही खरं नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आवळून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा पेरलेला सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएचच्या (दुरून दुसऱ्या संगणकावर काम करायच्या सोयीच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा संशय आला, म्हणून ते वेळेत कळलं. तोवर सगळ्यात ताजं ते सगळ्यात आधी घेणाऱ्या लिनक्सच्या वितरणांत ते पोचलं होतं. डेबियन स्टेबल हे वितरण मुद्दाम सावकाश चालतं, तिथे ते आलं नव्हतं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं उदाहरण लेट्स एन्क्रिप्टचं आहे. ही संस्था वेबसाइटना त्यांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं फुकट देते. फोन ती मानतो ते त्याच्यात आधीच असलेल्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर. सुरुवातीला तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र कोणत्याच फोनमध्ये नव्हतं, म्हणून आयडेनट्रस्ट या दुसऱ्या संस्थेच्या जुन्या मूळ प्रमाणपत्राचा आधार घेतला होता. त्या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपणार होती. तोपर्यंत लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र नव्या फोनमध्ये आलं होतं, पण अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये नव्हतं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी उघडपणे लिहिलं की असे फोन ३३.८ टक्के आहेत, आणि त्यांच्यावर असंख्य वेबसाइट उघडताना अडचण येईल. त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, आणि त्यांच्या बाजूने ती इच्छा रास्तच होती. सुरुवातीला त्यांनी जुन्या फोनवाल्यांना फायरफॉक्स घाला असं सुचवलं, कारण फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं सोबत आणतो. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दीड महिन्यात वेगळी वाट निघाली. जुनं अँड्रॉइड आपल्या विश्वासातल्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली की नाही हे तपासतच नाही. त्याचा उपयोग करून आयडेनट्रस्टकडून आपल्या मूळ प्रमाणपत्राला आणखी तीन वर्षांची सही, म्हणजे जोड, घेतली गेली.

ही वाट फुकट नव्हती. प्रमाणपत्रांची साखळी लांबली, म्हणजे प्रत्येक जोडणीला थोडा जास्त डेटा, आणि ओपनएसएसएल १.०.२ सारख्या जुन्या सॉफ्टवेअरला त्याच साखळीने त्रासही झाला. तरीही त्यांनी तो भार घेतला. पुढे ती जोड थांबवायची वेळ आली तेव्हा त्यांनी २०२३ मध्येच वेळापत्रक जाहीर केलं आणि आकडे मांडले: त्यांच्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवणारे अँड्रॉइड फोन ६६ टक्क्यांवरून ९३.९ टक्क्यांवर गेले होते. ३० सप्टेंबर २०२४ ला जोड संपली. राहिलेले सहा टक्के सुटले का? नाही. पण कोण मागे राहतंय हे त्यांनी मोजलं, वेळ दिला आणि लपवलं नाही. मला आपल्याकडून एवढंच हवंय.

'आम्ही आधी सांगितलं होतं' हेही कारण म्हणून मला आता पुरत नाही. पायथन भाषेच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजने २०२१ च्या फेब्रुवारीत, ३.४ आवृत्तीत, बिल्डसाठी रस्ट ही दुसरी भाषा आणली. हेतू चांगला होता, मेमरीच्या चुकांपासून वाचण्याचा, आणि त्याचा फायदा वापरणाऱ्यांनाही होणार होता. आधी सूचनाही दिली होती. तरीही त्या दिवशी अल्पाइन या लिनक्सवरचे कितीतरी बिल्ड बंद पडले आणि रस्ट ज्यांच्यावर चालतच नव्हतं अशा जुन्या प्रोसेसरची माणसं चिडली. पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनर मंडळींवर खूप राग निघाला, आणि तो अन्यायाचा होता असं मला वाटतं, कारण ते काम बिनपैशाचं असतं आणि जगभरचे पगारदार लोक त्यावर उभे असतात. पण सूचना दिली म्हणजे ती पोचली असं होत नाही, हे त्यातून दिसलं. आपले वापरकर्ते तर रिलीज नोट्स हा शब्दही ऐकलेले नसतात.

तुमच्यातले जे लायब्रऱ्या लिहितात, त्यांना एक वेगळी विनंती. एखाद्या फंक्शनचं नाव बदललं की आपण मेजर आवृत्ती, म्हणजे आवृत्तीचा पहिला आकडा, वाढवतो, आणि तेच योग्य. मग किमान एपीआय २१ वरून २४ नेताना ती मायनर, म्हणजे किरकोळ बदलाची, कशी होते? फंक्शनचं नाव बदललं तर माझा बिल्ड मोडतो आणि मी अर्ध्या तासात सावरतो. किमान आवृत्ती बदलली तर माझा बिल्ड एका आकड्याने सुरळीत होतो आणि मोडतं ते भलत्याच माणसाचं, त्याच्या घरात, मला न कळता. हा बदल मोठ्या अक्षरांत लिहा, मेजर आवृत्तीतच करा आणि जमेल तेवढे दिवस जुन्या शाखेला निदान सुरक्षेच्या दुरुस्त्या द्या.

आणि आपण अ‍ॅपवाले काय करू शकतो, ते मी करून पाहिलंय म्हणून लिहितो. प्ले कन्सोलमध्ये नव्या रिलीजसोबत जुनी आवृत्तीही चालू ठेवता येते. वरचे फोन नवी घेतात, खालचे जुनी. मी आलेखाचा स्क्रीन वगळून जुनी शाखा परत उघडली, तिच्यात नवं लॉगिन बसवलं आणि एपीआय २१ ते २३ च्या फोनसाठी ती सोडली. चार दिवसांचं काम होतं. मी वाचवलेल्या वेळाच्या ते कितीतरी पट होतं, आणि आधीच विचार केला असता तर एका दिवसात झालं असतं. सर्व्हरवर आता जुन्या आवृत्तीची विनंती आली तर नुसतं चक्र फिरत नाही; 'हे अ‍ॅप या फोनवर अमुक तारखेपर्यंत चालेल' अशी मराठीत ओळ दिसते. लॉगिनची पद्धत बदलायची असली की सगळ्यात जुनी चालू आवृत्ती कोणती हे आधी विचारलं जातं, आणि ते विचारल्याशिवाय बदल पुढे जात नाही. माझ्या खणात अँड्रॉइड ६ चा एक जुना फोन आहे. दर रिलीजच्या आधी मी तो चार्ज करतो.

हे सगळं अनंत काळ चालणार नाही, तेही मला माहीत आहे. दोन शाखा सांभाळणं थकवणारं असतं, आणि लहान टीमला ते परवडत नाही. वापरणाऱ्यासाठी म्हणून डेव्हलपरने मोडून पडावं असं मी कोणालाच सांगणार नाही. कधीतरी आकडा वाढवावाच लागतो. माझं म्हणणं आहे की त्या अपडेटने सोय कोणाची होते आणि अडचण कोणाची, हे एका कागदावर लिहा. सोय सगळी आपली आणि अडचण सगळी त्यांची असं निघालं, तर त्यातला काही भार आपण उचलायला हवा: थोडा वेळ, जुन्या आवृत्तीची थोडी निगा, नाहीतर दुसरी एखादी वाट. आणि बैठकीत 'सुरक्षा' म्हणताना कोणता दोष, कोणती दुरुस्ती, हे नाव घेऊन सांगा.

आमचं अ‍ॅप पुढच्या वर्षी पूर्णपणे २४ वर जाणार आहे. या वेळी कारण खरं आहे: लॉगिनसाठी वापरतो त्या लायब्ररीच्या जुन्या शाखेला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होतंय. तारीख दिवाळीनंतरची ठरवली आहे, म्हणजे सणाच्या तोंडावर कोणाचं बिल अडकायला नको. केंद्रावर दूध घातल्यावर जी छापील पावती निघते तिच्या शेवटच्या ओळीत ही तारीख आताच छापली जाते. ज्यांचे फोन मागे राहतील त्यांच्यासाठी लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर सांगणारा एसएमएस सुरू केलाय. त्याचा टेम्प्लेट डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीच्या व्यवस्थेत, मंजूर करून घ्यायला मला तीन हेलपाटे पडले. एसएमएसचा खर्च उत्पादकाच्या बिलातून कापायचा नाही, हे संस्थेकडून लेखी घेतलंय.

त्या आजींच्या फोनवर तो एसएमएस रोज दोनदा येतो. त्यांना वाचता येत नाही, नात वाचून दाखवते. परवा फॅट ३.२ आलं तेव्हा त्या तशाच केंद्रावर परत गेल्या आणि दूध पुन्हा मोजायला लावलं.

आपला,
दूध संकलनाचं अ‍ॅप सांभाळणारा एक प्रोग्रॅमर